आजोबांचं कुळागर शिकायचंय, कुठून सुरुवात करू?

पोफळीखाली
नमस्कार सगळ्यांना. मी २० वर्षांची, राहायला मडगावला, बीकॉमचं दुसरं वर्ष नुकतंच संपलं. फोंडा तालुक्यात आजोबांचं कुळागर आहे, म्हणजे पोफळींची बाग, फार मोठं नाही पण वरच्या अंगाला झर आहे आणि ती मे महिन्यातही वाहते. परीक्षा संपल्यापासून मी इथेच आहे आणि खरं सांगते, परत जावंसंच वाटत नाहीये. सकाळी आजोबांबरोबर पाट सोडायला जाते, ते खोरं घेऊन पुढे नि मी मागे, एका आळ्याचं तोंड मातीने बुजवायचं की दुसऱ्याचं उघडायचं, थंड पाणी पायाला लागून पुढे सरकतं तेव्हा जे वाटतं ते मला नीट लिहिताच येत नाहीये. दुपारी आजीबरोबर भिरंडं, म्हणजे कोकमं, फोडते, बिया काढून सालं रस-मिठात बुडवायची आणि परत उन्हात, हात कायम लाल. एक गाय, चार कोंबड्या, परसात तांबडी भाजी, सगळं आहे.

प्रश्न असा की आजोबा ७८ वर्षांचे, आणि सगळं त्यांच्या डोक्यात, कागदावर काहीच नाही. बाबा-काका कोणी इकडे राहायला येणार नाहीत. मला हे नुसतं सुट्टीपुरतं नकोय. आई म्हणते आधी डिग्री. तर पाऊस पडायच्या आत मी काय शिकून घेऊ आणि वर्षभरात काय?

सत्तरीकार
बरें केलेंय बाय. वाचून बरं वाटलं.
पावसाच्या आत शिकायची एकच गोष्ट, बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याची फवारणी. पोफळीवर कोळेरोग आला की कोवळी सुपारी कुजून खाली पडते, एका पावसात वर्षाचं उत्पन्न जातं, माझं गेलंय म्हणून सांगतो. त्या वर्षी फवारायला माणूस मिळाला नाही, आज उद्या करत जून उजाडला नि पाऊस थांबेचना. १०० लिटरला १ किलो मोरचूद नि १ किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात अर्ध्या अर्ध्या पाण्यात विरघळव, लोखंडाची बादली अजिबात नको. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतायचं, उलट नाही, आणि ढवळत राहायचं. मग लोखंडी सुरी बुडवून बघ, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाल. केलेलं त्याच दिवशी संपव. घोस नीट भिजले पाहिजेत. दुसरी फवारणी ४०-४५ दिवसांनी, पाऊस जरा उघडीप देईल तेव्हा.
आणि पाडेल्याला आत्ताच सांगून ठेव. एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जाणारी माणसं आता हातावर मोजण्याइतकी राहिलीत, मेच्या शेवटी सगळ्यांना एकदमच हवी असतात.

परसातली_मावशी
एक वही कर गं. रोज संध्याकाळी आजोबांना घेऊन बस आणि झाडागणिक लिही, कुठली पोफळ कधी लावली, कुठे मर झाली, पाटाचं पाणी आधी कुठल्या अंगाला सोडायचं आणि का. माझे सासरे गेले तेव्हा आमच्याकडे पाण्याची पाळी कोणालाच माहीत नव्हती, दोन उन्हाळे खालच्या बाजूच्या केळी वाळत होत्या आणि आम्ही खतच घालत बसलो. नंतर एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने दाखवलं, मध्ये दगडाखाली एक फाटा बुजला होता. एवढंच. अजून आठवलं की जीव हळहळतो.
आजीकडूनही लिहून घे हां, भिरंडांच्या बियांचं तेल कसं काढायचं ते विचार, टाचांच्या भेगांना त्यासारखं काही नाही.

मिरवेल
मिरीचं सांगतो. पाऊस सुरू झाला की वेल लावायचे, पोफळीच्या उत्तरेच्या अंगाला, म्हणजे ऊन थेट लागत नाही. लहान पोफळीवर चढवू नको, निदान आठ-दहा वर्षांची हवी. बुंध्याशी पाणी साचलं की वेल मरतो, म्हणून पावसाळ्यात पाट साफ ठेवणं हे उन्हाळ्यातल्या शिंपण्याइतकंच मोठं काम आहे. जुन्या गोव्याला कृषी संशोधन संस्था आहे, तिथे एकदा जाऊन ये, प्रश्न घेऊन जा.
डिग्रीबद्दल आईचं ऐक. नवी पोफळ लावलीस तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, तोपर्यंत हातात दुसरं काहीतरी पाहिजे. आणि बीकॉमवाली मुलगी कुळागराचा हिशोब ठेवेल हे मला तर फार आवडेल.

वन_फोर्टीन
सगळे झाडांचं बोलतायत, मी कागदाचं बोलतो, राग नको. फॉर्म वन-फोर्टीन, म्हणजे जमिनीचा उतारा, काढून बघ, नावं कोणाची आहेत. गोव्यात मुलांचा वाटा कायद्याने ठरलेला, मृत्युपत्राने अर्ध्याच भागाची व्यवस्था मनाप्रमाणे करता येते. म्हणजे आजोबांनी कितीही प्रेमाने 'हे बायला' म्हटलं तरी काका-आत्या वाटेकरी राहणारच. त्यांच्याशी आत्ता, आजोबा समोर असताना बोल. आमच्या घरात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचं कोर्टातलं काम, लागली तेव्हा भावंडांत बोलणं बंद झालं होतं आणि भाटात, म्हणजे बागेत, रान माजलं. जमिनीवर ज्याचा जीव आहे त्याने हे बोलणं टाळू नये.

पोफळीखाली
सगळ्यांचे मनापासून आभार. आईशी बोलले, डिग्री पूर्ण करते, फोंड्याच्या कॉलेजात बदली मिळते का बघतेय म्हणजे इथूनच जाता येईल. काकांना रविवारी जेवायला बोलावलंय, वन-फोर्टीन काढायला बाबांना सांगितलं.
वही सुरू केली. पहिल्या दिवशी आजोबा म्हणाले, लिहितेस काय, बघ. तिसऱ्या दिवशी स्वतःच हाक मारली, बाय, वही आण, एक राहिलं.
आज बोर्डो केलं. सुरी बुडवली तर पातं तांबूस झालं, आजोबा बघतच होते, काही बोलले नाहीत. मी चुन्याचं पाणी अजून घातलं, ढवळलं, परत बुडवली. तांबूस. परत घातलं. मग पातं स्वच्छ आलं तसं त्यांनी सुरी माझ्या हातातून घेतली, उजेडात धरून बघितली आणि पंचाला पुसून परत दिली. पाडेली उद्या सकाळी सातला येतोय.