होटगी रोडचं टर्मिनल: आधी काच की आधी सावली?

आसरा चौक (धागाकर्ता)

परवा एका साखरपुड्यात जेवणं उरकल्यावर विमानतळाचा विषय निघाला. आमचे एक मेहुणे पुण्याचे. त्यांचं म्हणणं, "सोलापूरचं टर्मिनल फारच साधं आहे तुमचं. दुप्पट करा, समोर सगळी काच लावा, एरोब्रिज (टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारात नेणारा पूल) आणा. मग शहराला वजन येईल." निम्मी बैठक त्यांच्या बाजूनं. मला पटलं नाही, म्हणून हा धागा.

आधी हिशेब. नूतनीकरण झालेल्या टर्मिनलचं उद्घाटन 29 सप्टेंबर 2024 ला झालं, तेव्हा क्षमता सांगितली होती वर्षाला 4.1 लाख प्रवासी. भागाकार करा, दिवसाला साधारण 1,120 आले. गोव्याचं एटीआर घ्या, छोटं पंख्याचं विमान, सत्तरेक सीटा. सत्तर येणार, सत्तर जाणार. म्हणजे रोज आठ विमानं गच्च भरून आली आणि गच्च भरून गेली, तर ही इमारत कमी पडते म्हणायचं. गोव्याची सेवा सुरू झाली 9 जून 2025 ला, मुंबईची 15 ऑक्टोबर 2025 ला. आठ व्हायला अजून बराच अवकाश आहे.

एरोब्रिजचं तर हसूच आलं. एटीआरमध्ये माणसं चढतात शेपटीकडच्या दारानं, आणि पायऱ्या त्या दारातच बसवलेल्या. दार खाली सोडलं की जिना तयार. तिथं पूल टेकवणार कुठं?

राहिली काच. गेल्या मे महिन्यात एका छोट्या शहराच्या नव्यानं सजवलेल्या विमानतळावर (नाव घेत नाही) भाच्याला आणायला गेलो होतो. समोर दोन मजली काच, दुपारचे सव्वातीन. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत आणि बाहेर सावली म्हणाल तर छपराची हातभर पट्टी. त्या पट्टीत भिंतीला पाठ लावून आम्ही पंधरा-वीस जण उभे, पायाची बोटं उन्हात. एका आजींनी ट्रॉलीच्या दांड्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. मग हाताला पदर गुंडाळून ढकलत नेली. आपला मे तर त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. इथं काच लावायची म्हणजे आत एसीचं बिल आणि बाहेर उभ्या असलेल्यांच्या तोंडावर आणखी ऊन.

माझं मत: इमारत आहे तेवढी बास. पैसा आलाच तर आधी रात्री विमान उतरवायच्या व्यवस्थेत घाला, आणि दुसरी गोष्ट म्हणजे दारासमोर रुंद पडवी बांधा. एका माणसाला सोडायला आपल्याकडं किती जण जातात ते सोलापूरकरांना सांगायला नको.

पीक अवर

भागाकार बरोबर, भाजक चुकला. टर्मिनलचं माप वर्षावरून घेत नाहीत, सगळ्यात गर्दीच्या तासाला आत किती माणसं असतील त्यावरून घेतात. मुंबईचं एम्ब्रेअर विमान 76 सीटांचं. ते आणि गोव्याचं एटीआर अर्ध्या तासाच्या अंतरानं आलं तर जाणारे दीडशे, येणारे दीडशे, एकाच छपराखाली. वेळापत्रकात दोन तासांचं अंतर असलं तरी ही छोटी विमानं दिवसभर चार गावं फिरतात. सकाळी एका गावात धुकं पडलं की संध्याकाळपर्यंत सगळी रांग पुढं सरकते आणि दोन विमानं एकमेकांवर येतात. तेव्हा गर्दी काचेपाशी होत नाही, सुरक्षा तपासणीपाशी होते. बॅगा तपासायचं यंत्र एकच चालू असेल आणि ते अडकलं, तर सगळं शहर अडकलं म्हणून समजा.

त्यामुळं आतली वाढ आत्ताच हवी. नवं बांधकाम उठायला काही वर्षं जातात. गर्दी झाल्यावर कुदळ मारली तर चालू विमानतळावर पत्रे ठोकून काम करावं लागेल.

रात्रीच्या सोयीबद्दल मात्र +1. धावपट्टीच्या कडेचे दिवे लागतात, शिवाय पापी दिवे (हसू नका, नावच तसं आहे). चार दिव्यांची ओळ असते. वैमानिकाला दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतार बरोबर. चारही लाल दिसले तर तो फार खाली आलाय.

सिद्धेश्वर एक्सप्रेस

हे सगळं कुणासाठी? रात्री जेवून बर्थवर पडायचं, डोळे उघडले की मुंबई. दिवसा जायचं तर 10 फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत आहे. मुंबईच्या विमानाला तर राज्य सरकारनं तूट भरून द्यायचं कबूल केलंय, म्हणजे तिकीट काढणार एक आणि पैसे भरणार सगळे. ज्या शहरात नळाला रोज पाणी नाही, तिथं टर्मिनल लहान की मोठं यावर वाद घालतोय आपण.

अशोक चौक

काका, लगेच पाण्यावर आलात की ओ! पाण्याचा पैसा वेगळ्या खात्याचा, विमानतळाचा वेगळ्या. हा थांबवला म्हणून तो नळात यायचा नाही. दोन्ही मागू की. आमच्या घरात तिरुपतीला जायचं म्हटलं की दोन दिवस प्रवासातच जातात. हैदराबाद, तिरुपती सुरू करा, मग बघा टर्मिनल कसं भरतंय ते.

टॉवेलवाला

विमानतळ मोठा झाला की चादर-टॉवेलची निर्यात वाढेल, असं दर वेळी कुणीतरी म्हणतं. कुणी म्हणायच्या आत सांगतो: टॉवेल वजनाला भारी आणि किमतीला हलका. तो कंटेनरमधून बंदरावर जातो, पुढं जहाजानं. विमानानं येतं ते गिऱ्हाईक. परदेशी पार्टी मुंबईपर्यंत येते आणि म्हणते, नमुने इकडंच घेऊन या. कारखाना, माग, रंगाई बघायला ती सोलापुरात आली तर ऑर्डरचा आकडा बदलतो. सकाळी येऊन रात्री परत जाता आलं तरच ती येईल, म्हणून दिव्यांच्या बाबतीत धागाकर्त्याशी सहमत. पण ते गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतं ते टर्मिनलच. तिथं चारचौघांसारखी सोय दिसली पाहिजे. नुसती पडवी दाखवून चालत नाही धंद्यात.

ऊस सभासद

इथं सगळे काचेवर आणि दिव्यांवर बोलताय. 15 जून 2023 विसरलात? सिद्धेश्वर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून पाडली. आमच्या शिवारातून दिसायची ती. पडली तेव्हा धुरळा बसेपर्यंत कुणी बोललं नाही. तेवढी किंमत ऊसवाल्यानं मोजल्यावर आता कुणी म्हणतं थोडक्यात भागवा, कुणी म्हणतं विमानच नको. असं कसं? आता पूर्ण करा. चांगलं करा. अर्धवट ठेवलं तर आमचं गेलं ते फुकट गेलं.

बोरामणी

होटगीला वाढायला जागाच नाही, तीन बाजूंनी शहर आलंय. हैदराबाद रोडला बोरामणीत नव्या विमानतळासाठी जमीन घेऊन ठेवली आहे, वनजमिनीचा गुंता सोडवा आणि तिकडं चला. बाकी चालू द्या.

आसरा चौक (धागाकर्ता)

पीक अवर, गर्दीच्या तासाचा मुद्दा मान्य. तपासणीचा हॉल वाढवा, यंत्रं दोन ठेवा, माझी हरकत नाही. ऊस सभासद, तुमच्यापुढं "थोडक्यात" हा शब्द मागं घेतो.

टॉवेलवाले, पडवी म्हणजे गरिबी का? कोल्हापूरचं नवं टर्मिनल मार्च 2024 मध्ये सुरू झालं, दर्शनी बाजूला दगडी कमानी आहेत. आपल्याकडं काळा दगड आहे, जाड भिंतींचे वाडे आहेत. गिऱ्हाईकाला दाखवायचंच तर ते दाखवू. आणि एक भिंत वालचंद हिराचंदांना द्या. 1882 ला सोलापुरात जन्मलेल्या माणसानं 1940 मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला, आणि त्याच्या गावच्या पोरांना एचएएलची (हिंदुस्तान एरोनॉटिक्सची) मुळं कुठली ते माहीत नसतं.

अक्कलकोट नाका

वाचत होते, एकच बोलते. दारातच जिना आहे याचं तुम्हाला कौतुक वाटलं. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेत. त्या पायऱ्या अरुंद, उभ्या, एका हातात काठी. मागं रांग थांबलेली असते आणि ती "तुम्ही व्हा पुढं" म्हणत सगळ्यांना वाट देत बसते. विमानाला लावायचा सरकता उतार मिळतो, व्हीलचेअर थेट दारापर्यंत जाते. स्वामींच्या, तुळजाभवानीच्या, विठोबाच्या दर्शनाला विमानानं येणारी माणसं कुठल्या वयाची असतील?

आसरा चौक (धागाकर्ता)

हे डोक्यात आलंच नव्हतं, ताई. उतार पहिला, दिवे दुसरे. पडवी तिसरी.

सिद्धेश्वर एक्सप्रेस

आणि काच?

आसरा चौक (धागाकर्ता)

ती मेहुण्यांच्या बंगल्याला लावू.