माकडाचं खाजवणं आणि आपली चिंता

दस्तुरीवाला (धागाकर्ता)

मे महिन्यात भाचीला घेऊन माथेरानला गेलो होतो. दस्तुरीहून रुळांच्या कडेने चालत निघालो, तर वाटेत कठड्यावर एक माकडीण बसलेली, पोटाशी पिल्लू. थोड्या वेळाने एक दांडगा नर आला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर टेकला. ना दात विचकले, ना अंगावर गेला. नुसता बसला. पण हिने लगेच स्वतःचा दंड खाजवायला घेतला. भराभर, एकाच जागी, त्याच्याकडे न बघता, पण त्याच्यावरचं लक्ष न काढता. नर कंटाळून उठून गेला आणि खाजवणं बंद. भाची म्हणाली, "मामा, हिला खरूज झालीय का?"

खरूज नव्हे. माकडांचे अभ्यासक हे खाजवणं चक्क मोजतात. वरचढ जनावर शेजारी आलं की ते वाढतं, आणि लोराझेपॅमसारखी चिंतेवरची गोळी दिली की कमी होतं. म्हणजे जी गोळी आपल्याकडे डॉक्टर लिहून देतात, तीच तिथेही लागू पडते.

धागा काढायचं कारण हे. माझं म्हणणं सरळ आहे: चिंता मेंदूत कशी घडते हे कळायचं असेल तर माकडांवरच्या अभ्यासाला पर्याय नाही, नुसत्या उंदरांवर भागणार नाही.

एकच उदाहरण देतो, पण नीट देतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात नेड कॅलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ऱ्हीसस माकडांच्या (उत्तर भारतातली लाल तोंडाची माकडं) पिल्लांवर एक साधा प्रयोग छापला. पिल्लाला आईपासून वेगळं करून एकटं ठेवलं की ते 'कू कू' करून आईला हाका मारतं. मग एक अनोळखी माणूस येऊन उभा राहतो, पण पिल्लाकडे बघत नाही, बाजूला तोंड करून असतो. पिल्लू जागच्या जागी थिजतं, आवाजही बंद. मग तोच माणूस वळून रोखून बघतो. आता पिल्लू थिजत नाही, उलट भुंकतं, पिंजरा हलवतं. पुढची गंमत बघा. मॉर्फीन दिलं की हाका कमी होतात. डायझेपाम (लोराझेपॅमच्याच जातीचं चिंतेवरचं औषध) दिलं की थिजणं आणि भुंकणं कमी होतं, हाकांवर फरक नाही. आपण ज्याला सरसकट 'घाबरलं' म्हणतो त्याच्या आत निदान दोन वेगळी यंत्रं चालू आहेत, हे त्या पिल्लाने दाखवून दिलं.

याच गटाने पुढे पिल्लांना किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचली, अर्धा तास त्या बाजूला तोंड केलेल्या माणसासमोर ठेवलं आणि नंतर भूल देऊन मेंदूचं चित्र काढलं. ज्या भागाने त्या अर्ध्या तासात जास्त काम केलं, त्याने जास्त साखर ओढलेली असते. २०१० मध्ये २३८ माकडं, २०१५ मध्ये ५९२. जास्त थिजणाऱ्या, कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) जास्त असलेल्या पिल्लांमध्ये अमिग्डाला या मेंदूच्या आतल्या बदामाएवढ्या गाठीचा मध्यवर्ती भाग आणि तिच्या शेजारच्या, आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग जास्त तापलेला. आणि पिल्लापिल्लांतल्या या स्वभावाच्या फरकांपैकी साधारण ३० टक्के वारशाने आलेले. "आमच्याकडे सगळेच घाबरट" म्हणणाऱ्या आज्जी तीस टक्के बरोबर होत्या तर.

---

हप्ता_पाच_तारखेला

छान लिहिलंय, पण असहमत. मी पाच वर्षं चिंतेच्या आजारावर औषध घेतोय, म्हणून थोडं बोलायचा हक्क समजा.

माझ्यासमोर कोणी बाजूला तोंड करून उभं राहत नाही. माझी चिंता पुढच्या मार्चची असते. नोकरी राहील का, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, घराचा हप्ता. रात्री तीनला जाग येते तेव्हा खोलीत काहीच नसतं, आणि तेच वाईट असतं. माकड थिजलं हे तुम्हाला दिसलं. त्याला काय वाटलं हे कुठे दिसलं? ज्या जोसेफ लडू यांनी उंदरांवर काम करून अमिग्डालाला 'भीतीचं केंद्र' म्हणून घरोघरी पोचवलं, तेच आता सांगतात की अमिग्डाला धोका ओळखून शरीराला कामाला लावतो. भीती 'वाटणं' हा वेगळा मामला, त्याला मेंदूचं वरचं कवच लागतं.

आणि औषधांचं बोलायचं तर सीआरएफची गोष्ट सांगायला विसरलात का मुद्दाम टाळलीत? ताण आला की मेंदूत जे रसायन सुटतं आणि पुढे कॉर्टिसॉलपर्यंत साखळी चालू करतं, ते हे. २००० साली ऱ्हीसस नरांना ते अडवणारं औषध तोंडावाटे दिलं. दोन अनोळखी नर, मध्ये फक्त पारदर्शक पडदा. औषध घेतलेले नर बरेच शांत राहिले. सगळ्यांना वाटलं, सापडलं! मग त्याच जागी बसणारं दुसरं औषध माझ्यासारख्या पेशंटांवर तपासलं, २०१० मध्ये निकाल आला: औषध नसलेल्या, नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा काडीचा फरक नाही. माकड शांत झालं, माणूस नाही. यावर बोला.

---

बघ्या_नं_१

खुर्ची टाकून बसलोय. शेंगदाणे घेऊन.

---

दस्तुरीवाला

@हप्ता: टाळलं नव्हतं, लांबी वाढत होती. सीआरएफचा मुद्दा मान्य, तो घाव बसलाच आहे. एका औषधाच्या अपयशाने वाटच चुकीची ठरते असं मात्र मला वाटत नाही.

पण "माकडाला मार्च नसतो" हे मान्य नाही. ब्रुकलिनमध्ये लेनर्ड रोझेनब्लम यांनी बॉनेट मकाक माकडांवर केलेलं काम बघा. बॉनेट म्हणजे आपलंच, माथेरान-महाबळेश्वरचं, डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस असलेलं. पिल्लं अंगावर असलेल्या माकडिणींचे तीन गट केले. एका गटाला अन्न कायम सहज मिळे. दुसऱ्याला कायम उकरून शोधावं लागे. तिसऱ्याला दोन आठवडे सहज, दोन आठवडे कष्टाने, पुन्हा सहज, असं आलटून पालटून. उपाशी कोणीच नाही. बिघडली ती तिसऱ्या गटाची पिल्लं. आयांचं लक्ष पिल्लांवरून उडालं, पिल्लं बुजरी झाली, आणि मोठेपणी त्यांच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यात हेच सीआरएफ जास्त सापडलं. १९९६ चा निकाल आहे. कायम कष्ट करणाऱ्या आयांची पिल्लं मात्र ठीक.

हाल चालतात, बेभरवसा चालत नाही. हे तुमच्या मार्चपासून फार लांब आहे का?

---

काचपट्टी

मी मेंदूचे काप काचेवर घेऊन रंगवण्याचं काम करते, त्यामुळे दोघांनाही थोडं टोचणार.

दस्तुरीवाला, 'तापलेला भाग' म्हणजे 'चिंतेचं केंद्र' असं लिहिलं नाहीत, बरं केलंत. पण वाचणारे तसंच वाचतात. आमच्या क्षेत्रात याची मोठी फजिती झालेली आहे. कपाळामागे, डोळ्यांच्या वर मेंदूचा ऑर्बिटोफ्रंटल भाग असतो. कित्येक वर्षं प्रयोगांत तो भाग शोषून काढायचे, आणि मग ते माकड रबरी सापापुढे ठेवलेला खाऊ बिनधास्त उचलायचं. निष्कर्ष: हा भाग भीतीचा. मग २०१३ मध्ये पीटर रुडबेक, एलिझाबेथ मरे आणि मंडळींनी तोच भाग वेगळ्या रीतीने निकामी केला. असं विष टोचलं की तिथल्या पेशी मरतात, पण त्या भागातून पुढे जाणाऱ्या तारा शाबूत राहतात. माकडं सापाला पहिल्यासारखीच घाबरली! आधीच्या शस्त्रक्रियेत खोली पाडताना भिंतीतली वायरिंग तुटली होती आणि आम्ही अंधाराचा दोष खोलीला देत होतो.

अमिग्डालाच्या मध्यवर्ती भागाचं तसं नाही. २००४ मध्ये कॅलिन यांच्या गटाने तिथे असंच पेशीमारू विष वापरलं आणि थिजणं कमी झालं. तो पुरावा जास्त घट्ट आहे.

हप्ता, तुम्हाला: थिजण्याच्या पलीकडेही प्रयोग आहेत. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात केन-इची आमेमोरी आणि अॅन ग्रेबिएल यांनी माकडांना सौदा करायला शिकवलं. इतकं खाणं मिळेल, पण त्याबरोबर तोंडावर हवेचा इतका जोराचा झोत बसेल. घेणार का सोडणार? माकडं हिशोब करून ठरवायची. मेंदूच्या मधल्या पट्टीत (तिला सिंग्युलेट म्हणतात), तिच्या पुढच्या टोकाला एका विशिष्ट जागी बारीक विजेचा झटका दिला की तीच माकडं फायद्याचे सौदेही सोडायला लागली. डायझेपाम दिल्यावर पुन्हा ताळ्यावर. २०१२ चं काम. समोर धोका नाही, फक्त 'पुढे काय होईल' याचा हिशोब, आणि तो वाईटाकडे झुकलेला. मला तरी हे रात्री तीनच्या विचारांच्या बरंच जवळचं वाटतं. त्याला 'वाटलं' काय, ते मात्र मलाही काचेवर दिसत नाही.

---

गावठी_वकील

सगळे मेंदूत घुसलात, पिंजऱ्याबद्दल कोणी बोलेना.

१९३८ मध्ये चारशेच्या वर ऱ्हीसस माकडं भारतातून बोटीने कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिकोजवळच्या कायो सँतियागो बेटावर नेली. पुढे पोलिओच्या लशीसाठी किती गेली त्याची गणती नाही. अखेर १९७८ मध्ये मोरारजीभाईंच्या सरकारने निर्यात बंद केली, कारण तिकडे लष्करी किरणोत्सर्गाच्या चाचण्यांत ती वापरली जात होती. आणि विस्कॉन्सिन म्हणजे तेच ना, जिथे हॅरी हार्लो यांनी पिल्लांना खऱ्या आईऐवजी तारेची आणि कापडाची नकली आई दिली होती? आईपासून तोडलेल्या, लोखंडात वाढलेल्या जनावराची चिंता मोजायची आणि म्हणायचं, ही बघा नैसर्गिक चिंता. वा!

जंगलात जाऊन मोजा. रॉबर्ट सापोल्स्की यांनी केनियात बबूनांवर (आफ्रिकेतली मोठी, जमिनीवर वावरणारी माकडं) फुंकणीने बाण मारून, भुलीने हार्मोन बदलायच्या आत पटकन रक्त घेऊन मोजलंच ना? कळपात खालच्या पायरीवरच्या नरांच्या रक्तात ताणाचं हार्मोन एरवीही जास्त. कापाकापी नाही, तारेची आई नाही.

---

दस्तुरीवाला

वकीलसाहेब, हार्लोंबद्दल मीही बाजू घेणार नाही.

पण जंगलही एवढं सोपं बोलत नाही. केनियातच अंबोसेलीच्या बबूनांवर २०११ मध्ये निकाल आला: १२५ नर, नऊ वर्षं, हार्मोन विष्ठेतून मोजलेलं. तिथे सगळ्यात वरच्या नराचा ताण दुसऱ्या नंबरच्यापेक्षा जास्त निघाला, जवळपास तळातल्यांइतका! मग पायरी महत्त्वाची, की पायरी टिकवायची मारामारी? विष्ठा एवढंच सांगते की ताण आहे. मेंदूतली कुठली तार ओढली गेली ते ती सांगत नाही.

---

काचपट्टी

वकीलकाकांचा अर्धा मुद्दा मी घेते. एकट्या पिंजऱ्यातलं माकड हे आधीच बिघडलेलं यंत्र असू शकतं, हे आमच्यातले लोकही मान्य करतात. आणि तुम्ही म्हणता त्या कायो सँतियागोवर २०१७ मध्ये मारिया वादळ आलं, झाडं गेली, सावली तुटपुंजी उरली. माकडं एकमेकांवर तुटून पडतील असं वाटलं होतं. झालं उलटं, एकमेकांना जास्त सहन करायला लागली, एका सावलीत बसायला लागली. हे पिंजऱ्यात कधीच कळलं नसतं.

पण त्यातून गोळी निघत नाही, काका.

---

गावठी_वकील

गोळी पिंजऱ्यातूनही कुठे निघाली? हप्तारावांनी वर सांगितलंच आहे.

---

हप्ता_पाच_तारखेला

माझ्या खांद्यावरून बंदुका नकोत, राव :)

मत बदललेलं नाही, पण ब्रुकलिनच्या माकडिणी डोक्यातून जाईनात. आमच्या ऑफिसात पूर्वी महिन्याची शिफ्ट आधी लागायची. रात्रपाळी असली तरी माहीत असायची. गेल्या वर्षापासून रोस्टर रविवारी रात्री येतं, कधी दहाला, कधी बाराला. माझा डोस त्याच सुमारास वाढला. योगायोग असेलही.

आणि दस्तुरीवाला, एक सुचलं. माथेरानला शनिवार-रविवार वेफर्स आणि मक्याच्या कणसांचा पाऊस, मंगळवारी शुकशुकाट. ब्रुकलिनचा तो तिसरा गट आपण तिथे फुकटात चालवतोय का?

---

काचपट्टी

इतकं सरळ नाही. त्यांना झाडावरचं खाणं आहेच, आणि आठवड्याचा वार पक्का असला तर तो बेभरवसा नाही, ते वेळापत्रक झालं. माकडांना रविवार कळत असेल तर प्रश्न मिटला. पण विचारण्यासारखा प्रश्न आहे. सोमवारी आणि शुक्रवारी ओळखीच्या माकडांची शी गोळा करून, थंड ठेवून कॉर्टिसॉल मोजता येईल. सुई नाही, पिंजरा नाही, वकीलकाकाही खूश.

---

गावठी_वकील

याला हरकत नाही. वनखात्याची परवानगी मात्र लागेल, ते मी बघतो.

---

दस्तुरीवाला

शी गोळा करायला भाची एका पायावर तयार आहे. तिच्या आईला अजून सांगितलेलं नाही.