अतिरेकी, कट्टर, जहाल, कडवा : कुठला शब्द कुठे वापरायचा?

एका लेखाचा मराठी अनुवाद करतेय. टोकाच्या विचारसरणी मुळात कुठून येतात आणि समाज त्यांच्याशी कसं वागतो, असा विषय आहे. त्यात एक्स्ट्रीमिस्ट, रॅडिकल, फंडामेंटलिस्ट, फॅनॅटिक, टेररिस्ट असे सगळे शब्द वेगवेगळ्या अर्थांनी आलेत आणि मराठीत बातम्या वाचून वाचून हाताला सवय अशी झालीये की सगळ्याला ‘अतिरेकी’च सुचतं. पण तसं केलं तर लेखच बाद, कारण टोकाचं मत असणं आणि बंदूक उचलणं यात बरंच अंतर आहे हाच तर त्याचा मुद्दा आहे. सगळ्यात अडलंय ते रॅडिकलायझेशनवर, म्हणजे माणूस हळूहळू टोकाच्या विचारांकडे जातो त्या प्रक्रियेवर. ‘मूलगामीकरण’ असं एके ठिकाणी वाचलं, ते काही पटलं नाही. काय करावं?

—

‘मूलगामीकरण’ नकोच. मूलगामी म्हणजे मुळापर्यंत जाणारा, आपण ‘मूलगामी विचार’ कौतुकानं म्हणतो. रॅडिकल हा शब्दही लॅटिनमधल्या मूळ या अर्थाच्या शब्दावरूनच आलाय, आणि १९व्या शतकात ब्रिटनमध्ये सगळ्यांना मताचा हक्क द्या म्हणणारे ते रॅडिकल. मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४० मध्ये पक्ष काढला तो रॅडिकल डेमोक्रॅटिक पार्टी, स्वतःहून अभिमानानं घेतलेलं नाव ते. तेव्हा जुना संदर्भ असेल तिथे मूलगामी, आजच्या बातमीत मात्र दुसरं काहीतरी.

फंडामेंटलिस्टची पण तीच गत. १९१० ते १९१५ च्या दरम्यान अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट मंडळींनी धर्माची मूलभूत तत्त्वं सांगणाऱ्या पुस्तिका काढल्या, १९२० मध्ये त्यांच्यातल्याच एका संपादकानं आपल्या बाजूच्या लोकांसाठी हा शब्द वापरला. ‘मूलतत्त्ववादी’ हा प्रतिशब्द त्यामुळे चपखल आहे, फक्त तो हिंसेशी आपोआप जोडू नका. ग्रंथ शब्दशः मानणारा आणि कुणाच्या वाटेला न जाणारा माणूसही मूलतत्त्ववादी असू शकतो की.

—

टेररिस्टची जन्मकथा तर अजून मजेशीर. हा शब्द आला तो सरकारी माणसांसाठी! फ्रान्समध्ये १७९३-९४ ला क्रांतीच्या सरकारनं दहशत हेच धोरण म्हणून राबवलं, त्या सरकारचा मुख्य नेता रोब्सपिएर, त्याचा शिरच्छेद जुलै १७९४ मध्ये झाला, त्यानंतर त्याच्या माणसांना हे नाव पडलं. आता नेमकं उलटं झालंय, सरकार ज्याला म्हणेल तो. भारतानं १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत दहशतवादाविरुद्ध सर्वसमावेशक कराराचा मसुदा मांडला तो अजून अडकूनच आहे, आणि अडलंय ते मुख्यतः व्याख्येवर.

मी स्वतः दहशतवादी हा शब्द कृतीसाठी ठेवते. सामान्य लोकांवर हल्ला करून बाकीच्यांना घाबरवलं, तर दहशतवादी. नुसती मतं भयंकर असतील तर नाही.

—

‘अतिरेकी’बद्दल माझी तक्रार जुनी आहे. अतिरेक म्हणजे प्रमाणाबाहेर जाणं. गोष्ट चांगलीच, पण जास्त झाली. आता शेजाऱ्याला माणूसच न समजणारी विचारसरणी थोड्या प्रमाणात असली तर चालते का? शब्दानं असा समज होतो खरा. शिवाय बातम्यांनी त्याचा अर्थ इतका आवळलाय की ‘अतिरेकी’ म्हटलं की डोळ्यासमोर हत्यारच येतं, त्यामुळे हत्यार नसलेल्याला म्हणायला शब्दच उरत नाही.

आणि जहालचं म्हणाल तर तो आपल्याकडे १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये कायमचा अडकलाय. टिळक जहाल, गोखले मवाळ. इंग्रज त्या जहालांना एक्स्ट्रीमिस्टच म्हणत होते, म्हणजे शब्द तोच, पण आपण ‘जहाल नेते’ आदरानं म्हणतो आणि ‘अतिरेकी’ म्हणताना तोंड वाकडं करतो. कोण बोलतंय यावर सगळं ठरतं.

—

मला ‘कडवा’ सुचवायचाय. कडवा अनुयायी, कडवा विरोधक, कडवी झुंज. आणि रॅडिकलायझेशनला नाम बनवायच्या भानगडीत न पडता सरळ क्रियापद, ‘कडवं होत जाणं’. मराठीला -करण लावलेली नामं तशीही जड होतात.

का ते सांगतो, जरा लांबेल. टोकाच्या विचारांचं कारण विचारलं की लोक पटकन गरिबी आणि अडाणीपणा म्हणतात. पण पश्चिम जर्मनीत १९७० मध्ये निघालेली रेड आर्मी फॅक्शन ही डावी सशस्त्र संघटना बघा, त्यात उलरिके माइनहोफ नावाजलेली पत्रकार, गुडरून एन्सलिन पाद्र्याची मुलगी आणि विद्यापीठात शिकलेली. जपानमध्ये २० मार्च १९९५ ला तोक्योच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडला त्या ओम शिनरिक्यो पंथामध्ये डॉक्टर होते, शास्त्रज्ञ होते, प्रत्यक्ष वायू सोडणाऱ्यांत तर एक हृदयाचा सर्जन. यांना काय खायला मिळत नव्हतं? असणं-नसणं यापेक्षा आपल्याला मिळायला हवं होतं ते हिरावून घेतलं ही भावना जास्त पेटते, आणि तीही एकट्याची असून भागत नाही, ‘आपला’ कुणीतरी गट लागतो, त्या गटाचा अपमान झाल्याची गोष्ट लागते, ती रोज सांगणारा माणूस लागतो आणि दोषी कोण ते बोट दाखवून सांगावं लागतं. मग त्या गटातच मैत्री, त्यातच मान, बाहेरची माणसं एकेक करून तुटत जातात. बरेचजण विचार पटला म्हणून आत जातच नाहीत, मित्र किंवा भाऊ गेला म्हणून जातात आणि विचार नंतर शिकतात.

पैशाचा संबंध नाही असं नाही हं. नाझी पक्षाला १९२८ मध्ये २.६ टक्के मतं होती, जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के झाली, मधे जागतिक मंदी आली आणि बेकार साठ लाखांच्या आसपास पोचले. पण गंमत अशी की खुद्द बेकारांची मतं मोठ्या प्रमाणात कम्युनिस्टांकडे गेली, नाझींना जोर मिळाला तो छोटे दुकानदार, कारागीर, शेतकरी असल्या घसरणीच्या भीतीनं धास्तावलेल्या लोकांकडून. म्हणजे परत कडवटपणाच. ‘कडवा’ शब्दात निष्ठाही आहे आणि कडूपणाही, ‘अतिरेकी’त यातलं काहीच नाही.

—

शब्द आवडला पण एक शंका. ‘कडवी झुंज’, ‘कडवा सैनिक’ ही स्तुती आहे. ‘कट्टर’चंही तसंच, कट्टर चाहता म्हणवून घेताना कुणाला लाज वाटते? मग वाचकाला निषेध कसा कळणार? ‘माथेफिरू’ घ्या की सरळ.

—

‘माथेफिरू’ फॅनॅटिकला एखाद्या ठिकाणी चालेल, पण जपून. त्यात वेड येतं, आणि हे लोक वेडे असतात असं म्हटलं की कारणं शोधायची गरजच संपते. बहुतेकजण चारचौघांसारखेच असतात, तेच तर त्रासदायक आहे. आणि निषेध शब्दातच कशाला हवा, वाक्यात करा.

समाज काय करतो या भागात तर शब्द अजून सांभाळा, कारण ज्याला जे नाव देतो तसंच आपण वागतो. उत्तर आयर्लंडमध्ये तिथल्या सरकारनं ब्रिटिशांच्या संमतीनं ऑगस्ट १९७१ मध्ये खटल्याशिवाय स्थानबद्धता सुरू केली, सुरुवातीला पकडले ते जवळजवळ सगळे कॅथलिक वस्त्यांतले, त्यातले कित्येक तर आयआरएचे, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचे, नव्हतेच. मग ३० जानेवारी १९७२ ला तिथल्याच डेरी शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैन्यानं गोळीबार केला, १३ जण त्याच दिवशी मेले, आणि त्यानंतर आयआरएकडे पोरांची रीघ लागली. अख्ख्या वस्तीला संशयित ठरवलं की कडवेपणा सरकारच वाढवतं. हिंसा खऱ्या अर्थानं उतरली ती वाटाघाटींनंतर, १९९८ च्या गुड फ्रायडे करारानं. अर्थात पोलीस नकोत असं नाही, बॉम्ब ठेवणाऱ्याला पकडावंच लागतं.

दुसरी रीत म्हणजे बाहेर पडायला दार ठेवणं. नॉर्वेत ९० च्या दशकात, मग स्वीडनमध्ये, २००० पासून जर्मनीत ‘एक्झिट’ नावाचं काम सुरू आहे, नवनाझी गटातून निघू बघणाऱ्याला नोकरी, घर, जुन्या साथीदारांपासून संरक्षण यात मदत करतात. यासाठी डीरॅडिकलायझेशन म्हणतात, पण तिथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. गट सोडणं एक आणि मत बदलणं दुसरं. गट सोडून मत तेच ठेवणारे पुष्कळ असतात. ‘बाहेर पडणं’ आणि ‘निवळणं’ असे दोन शब्द वापरता येतील.

—

‘निवळणं’ मस्त! गढूळ पाणी निवळतं तसं.

जर्मनीचं निघालंय तर अजून एक शब्द लागेल. त्यांचं घटनात्मक न्यायालय पक्षावर बंदी घालू शकतं, १९५२ मध्ये एका नवनाझी पक्षावर आणि १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर घातलीही. पण २०१७ मध्ये एनपीडी या अतिउजव्या पक्षाच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की याची उद्दिष्टं घटनाविरोधी आहेत खरी पण ती तडीस नेण्याची ताकद दिसत नाही, म्हणून बंदी नाही. हे भाषांतरताना ‘अतिरेकी पक्ष’ लिहिलंत तर निकाल कळणारच नाही, ‘घटनाविरोधी’च लिहा. तिथल्या व्यवस्थेला ‘लढाऊ लोकशाही’ म्हणतात, तेही मराठीत छान बसतं.

—

सगळ्यांचे आभार. आता असं ठरवलंय : मतांसाठी ‘टोकाचा’, हिंसक कृती असेल तरच ‘दहशतवादी’, प्रक्रियेला ‘कडवं होत जाणं’ आणि उलट्या प्रवासाला ‘निवळणं’. मूलतत्त्ववादी फक्त धर्माच्या संदर्भात. फॅनॅटिक एकाच ठिकाणी आहे आणि तिथे लेखक रोमविरुद्ध लढणाऱ्या पहिल्या शतकातल्या झेलट ज्यूंबद्दल बोलतोय, त्याला ‘माथेफिरू’ नको वाटतंय, ‘धर्मवेडा’ कसा वाटतो?

—

वेड परत आलंच की त्यात. ‘धर्मनिष्ठेनं पेटलेले’ करा, लांब आहे पण एकदाच येतंय ना.