गोळ्यांमुळे वजन वाढलं, तरी बंद करू नका

एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून वजन वाढतंय, मग काही दिवस थांबवू का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात थांबवू नका. विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, आणि औषधाला न जुमानणारा झाला तर पुढचे पर्याय कमी होतात.

यातलं काही वजन मुळात आजारात गेलेलंच भरून येतंय. पण सगळं नाही. डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधावर वजन वाढतं, सोबत टेनोफोविर अलाफेनामाइड हे एचआयव्हीचंच दुसरं औषध असेल तर आणखी. दक्षिण आफ्रिकेतल्या 'अ‍ॅडव्हान्स' चाचणीत ते 2019 मध्येच दिसलं होतं, आणि स्त्रियांमध्ये जास्त. गोळी बदलली की वजन उतरतंच असं मात्र नाही. त्यामुळे काट्यापेक्षा कमरेचं माप, साखर आणि चरबीच्या तपासण्या बघा.

वजन उतरवायच्या पावडरी घेत असाल तर डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम किंवा झिंक असेल तर ते डोल्युटेग्राविरला आतड्यातच धरून ठेवतं. एचआयव्हीची गोळी पावडरीच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यायची. मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्याचा डोस कमी ठेवावा लागतो. (हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, हा माझा अनुभव.)

आणि उलट झालं, म्हणजे काही न करता वजन घटू लागलं, तर खूश होऊ नका. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आणि टीबीची तपासणी लगेच करून घ्या.