मृणालताईंबद्दल थोडी भर

समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांची आठवण निघाली की पाण्यासाठी लढणारी म्हणून सगळे त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणतात. ते खरंच, पण त्यांच्या निवाऱ्याच्या कामाचा उल्लेख राहून जातो. दिंडोशीला नागरी निवारा परिषदेची घरं उभी राहिली ती ताई आणि त्यांचे सहकारी बाबूराव सामंत यांच्या चिकाटीमुळे. साध्या पगारदाराला मुंबईत हक्काचं छप्पर मिळालं, ही केवढी गोष्ट!

आणि सत्तरच्या दशकातले लाटणे मोर्चे. महागाईविरुद्ध ताई आणि कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकर पुढे, मागे चाळीचाळींतल्या बायका. माझी आजी पोळ्या अर्ध्या टाकून निघाली होती, लाटण्याला कणीक तशीच चिकटलेली. ते लाटणं आईने अजून जपलंय, एका टोकाला चीर गेलीय. १७ जुलै २०१२ला ताई गेल्या. आजी काही बोलली नाही, लाटणं मांडीवर घेऊन बसून राहिली.