व्ही-शेपटीचं बोनांझा एस३५ : व्यवहाराआधी काय उघडून बघावं?

नवापंख
१९६४ चं बीचक्राफ्ट एस३५ बोनांझा विकाऊ आहे. एअरफ्रेम (इंजिन सोडून विमानाचा सांगाडा) ४,२०० तास उडालेली. इंजिन काँटिनेंटल आयओ-५२०-बी, २८५ हॉर्सपॉवर. ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधल्यावर) ६१० तासच झालेत, पण त्या ओव्हरहॉलला १९ वर्षं उलटली. विमान सात वर्षं हँगरमध्ये उभं आहे. लॉगबुकं पूर्ण आहेत, रंग अगदी नवा, दिसायला झकास. मालक म्हणतो, नवी बॅटरी टाका, तेल बदला, अॅन्युअल (वार्षिक तपासणी) करा आणि उडवत घेऊन जा. इंजिनासाठी पैसे वेगळे काढून ठेवलेत. इंजिन सोडून अशी कुठली गोष्ट आहे जिच्यावर व्यवहार मोडावा? आणि तपासणीचा क्रम काय ठेवावा?

रिवेटकाका
इंजिन पैसे मोजले की मिळतं. रडरव्हेटर, म्हणजे व्ही-शेपटीच्या मागच्या बाजूचे हलणारे भाग, तितक्या सहज मिळत नाहीत. म्हणून सुरुवात शेपटीपासून करा.

तुम्ही 'रंग नवा' हे जमेच्या बाजूला धरलंय. या विमानात ती आधी शंकेची बाजू. रडरव्हेटरचा पत्रा मॅग्नेशियमचा आहे. मॅग्नेशियम रंगाखाली गुपचूप गंजतं आणि नवा रंग ते छान झाकतो. पत्र्याच्या उंच पट्ट्यांच्या कडेने, रिवेटच्या ओळींवर आणि मागच्या धारेवर तिरपा टॉर्च मारून बघा. बारीक फोड, रंगाखाली केसासारख्या वळवळत्या रेषा किंवा पांढरी भुकटी दिसली की आत पत्रा खाल्ला गेलाय असं समजा. नखाने हलकं दाबा, लवलं तर तिथे भोक पडायला वेळ लागणार नाही. पुटी भरून गुळगुळीत केलेलं असेल तर ते आणखी वाईट, कारण ते वजन बिजागरीच्या मागे पडतं.

इथूनच बॅलन्सचा मुद्दा येतो. रडरव्हेटर हे रडर (नाक डावी-उजवीकडे) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली) दोन्हींचं काम करतं, आणि मागची बाजू ठरलेल्या मर्यादेपेक्षा जड झाली तर वेगात फ्लटर (वाढत जाणारी विध्वंसक थरथर) सुरू होऊ शकतं. त्यात केबल सैल आणि ट्रिम टॅबला (मागच्या धारेवरच्या छोट्या पट्टीला) खेळ असेल तर आणखी घात. रंगाचे दोन जादा थरसुद्धा मर्यादा ओलांडायला पुरतात. म्हणून रंगकामाच्या तारखेनंतर दोन्ही रडरव्हेटर बॅलन्स केल्याची, आकड्यासकट, नोंद लॉगमध्ये हवी. 'तपासले, ठीक' ही नोंद नव्हे.

पुढची गोष्ट कफ, म्हणजे शेपटीच्या मुळाशी पुढच्या धारेला आधार देणारा धातूचा तुकडा. १९५१ च्या सी३५ पासून स्टॅबिलायझरची (शेपटीच्या स्थिर भागाची) रुंदी वाढवली ती पुढच्या स्पारच्याही (आतल्या आडव्या कण्याच्याही) पुढे. त्यामुळे मुळाशी पुढची धार अधांतरी राहिली. हवेत विमानं मोडण्याच्या घटनांनंतर एडी (अमेरिकी विमान नियामकाचा सक्तीचा आदेश) ८७-२०-०२ निघाली आणि सी३५ ते व्ही३५बी सगळ्यांना मुळाशी कफ बसवणं सक्तीचं झालं. एस३५ त्यातच येतं. कफ डोळ्यांनी दिसतात. फक्त त्यांच्या आसपासच्या बल्कहेडला (धडातल्या आडव्या चौकटीला) तडे आणि ढिले रिवेट आहेत का ते शेपटीच्या टोकाचं शंकूसारखं आवरण काढून आतून बघा. ढिल्या रिवेटभोवती काळपट ओघळ असतो.

तिसरी, आणि माझ्या मते व्यवहार मोडणारी दुसरी जागा : स्पार कॅरी-थ्रू, म्हणजे धडातून आरपार जाऊन दोन्ही पंख जोडणारा कणा. पुढच्या सीटा आणि त्यांखालचा पत्रा काढल्याशिवाय तो दिसत नाही. एडी ९५-०४-०३ प्रमाणे १५०० तासांनंतर आणि मग दर ५०० तासांनी वेबची (त्याच्या उभ्या पत्र्याची) तडे-तपासणी करायची असते. ४,२०० तासांत अशा किती नोंदी आहेत ते मोजा. तडा छोटा असेल तर ठरलेल्या अंतराने पुन्हा तपासत उडवता येतं. मोठा असेल तर दुरुस्ती किट, आणि ते काम मजुरीत भरपूर खातं. तडा बहुधा वेबच्या वाकवलेल्या गोलाईत किंवा फास्टनरच्या भोवती सुरू होतो. नुसत्या टॉर्चवर भागवू नका, डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) लावा.

टॅपेट
वरच्याला पूर्ण अनुमोदन. इंजिनाबद्दल थोडं.

प्रोपेलर हाताने फिरवून बघायचा मोह टाळा. सात वर्षांत सिलिंडरच्या भिंतींवर गंज धरला असेल तर कोरड्या रिंगा तो खरवडून काढतील. आधी वरचे सहाही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये फॉगिंग तेल (गंजरोधक फवाऱ्याचं तेल) फवारा, मगच फिरवा. बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) भिंती आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बघा. चांगल्या व्हॉल्व्हच्या तोंडावरचा रंग वर्तुळात एकसारखा असतो. एका कडेला वेगळ्या रंगाची चंद्रकोर दिसली तर तो तिथे गळतोय.

८० पीएसआयच्या कॉम्प्रेशन टेस्टमध्ये नुसता आकडा लिहू नका, हवा कुठून सुटते ते ऐका. तेलाच्या फिलरमधून फुसफुस म्हणजे रिंगा. काही तास उडाल्यावर त्या सुधारू शकतात. एक्झॉस्ट पाइपातून आली तर व्हॉल्व्ह. तो आपणहून सुधारत नाही.

कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) गंजण्याची धास्ती लायकमिंग इंजिनापेक्षा इथे थोडी कमी, कारण काँटिनेंटलमध्ये कॅम क्रँकशाफ्टच्या खाली असतो आणि लवकर कोरडा पडत नाही. शिवाय टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) इंजिनाची केस न उघडता, पुशरॉडचं नळकांडं काढून बाहेर घेता येतात. दोन-तीन काढून तोंड बघा. खड्डे दिसले तर ६१० तास हा आकडा विसरा आणि पूर्ण ओव्हरहॉल धरूनच किंमत बोला. त्यात क्रँकशाफ्ट व्हीएआर पद्धतीच्या (निर्वातात पुन्हा वितळवलेल्या) पोलादाचा आहे का हे कागदावर शोधा. जुना एअरमेल्ट (हवेत वितळवलेल्या पोलादाचा) क्रँक ओव्हरहॉलमध्ये परत बसवता येत नाही. केस हलकी की जड तेही विचारा, हलक्या केसला तडे जाण्याचा इतिहास आहे.

स्टार्टर अडॅप्टरही (स्टार्टर इंजिनाला जोडणारा भाग) विसरू नका. स्टार्टर जोरात फिरतोय आणि प्रोपेलर अडखळत चाललाय असं दिसलं तर आतली स्प्रिंग घसरतेय. त्याचा चुरा थेट तेलात जातो.

खालचंचाक
गिअरवर, म्हणजे चाकांच्या यंत्रणेवर, कोणीच बोललं नाही. विमान जॅकवर घ्या, बाहेरून वीज द्या (सात वर्षं जुन्या बॅटरीवर ही चाचणी म्हणजे वेळेचा अपव्यय) आणि निदान पाच वेळा चाकं आत-बाहेर करा. मोटर टोकाला गेल्यावर डायनॅमिक ब्रेकने (मोटरच्याच विजेने लागणाऱ्या ब्रेकने) चटकन थांबली पाहिजे. घरंगळत थांबत असेल तर ती गिअरबॉक्सच्या आतल्या थांब्यावर आदळते, आणि गिअरबॉक्स महाग आहे. अपलॉक रोलर (चाक वर अडकवणाऱ्या कुलुपाचा रोलर) सुईच्या नळीने ग्रीस भरून, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत धुवा. अडकलेला रोलर चाक वरच धरून ठेवतो.

वीज गेल्यास चाकं खाली करायचं हाताचं क्रँक पुढच्या सीटांच्या मागे आहे, उलट्या दिशेने सुमारे ५० फेरे. आधी गिअरचा सर्किट ब्रेकर ओढा, नाहीतर मोटर लागली तर दांडा बोटं मोडेल. क्रँकने चाकं फक्त खाली करायची. वर ओढायला ते नाही.

आणि एक सवयीची गोष्ट : गिअरचा स्विच उजवीकडे, फ्लॅपचा डावीकडे. आजच्या बहुतेक विमानांच्या उलट. उतरल्यावर धावपट्टीवरच फ्लॅप समजून गिअर उचलणारे याच मांडणीत फसतात. धावपट्टी सोडेपर्यंत कुठलाही स्विच न शिवणं हाच उपाय.

नवापंख
लॉग पाहिलं. रंगकाम चार वर्षांपूर्वीचं. नोंद : 'एअरफ्रेम रंगवली'. बॅलन्सचा उल्लेख नाही. कफ आहेत. कॅरी-थ्रूची शेवटची तपासणी ३,९५० तासांना, तडा नाही. मालक रडरव्हेटर काढायला तयार आहे. बॅलन्स कसा मोजतात ते सांगाल का?

रिवेटकाका
कॅरी-थ्रू ठीक दिसतोय, पुढची तपासणी ४,४५० ला.

रडरव्हेटर ट्रिम टॅब, सगळे बोल्ट आणि रंग यांसकट काढा. एक वॉशर कमी असला तरी आकडा खोटा. बिजागरीच्या छिद्रांत घट्ट बसणारे बोल्ट घालून तो दोन समतल धारदार टेकूंवर ठेवा. कॉर्ड रेषा (पुढच्या धारेपासून मागच्या धारेपर्यंतची रेषा) लेव्हलने आडवी करा आणि मागच्या धारेखाली वजनकाटा द्या. काट्यावरचे पौंड गुणिले बिजागरीपासून त्या बिंदूपर्यंतचे इंच. समजा काटा १.१ पौंड दाखवतो आणि अंतर १६ इंच आहे, तर १७.६ इंच-पौंड मागे जड. मॉडेलप्रमाणे ठरलेली वरची-खालची मर्यादा शॉप मॅन्युअलमध्ये आहे. ती पट्टी अरुंद आहे, म्हणून काटा ग्रॅमपर्यंत अचूक हवा. पंखा बंद, दार बंद.

मर्यादेबाहेर गेला तर टोकाच्या हॉर्नमध्ये (बिजागरीच्या पुढे आलेल्या भागात) शिसं वाढवून बॅलन्स करता येतो, पण मॅन्युअलने परवानगी दिलेली जागा शिल्लक असेल तरच. नाहीतर रंग काढावा लागेल. तेव्हा आम्लाचा स्ट्रिपर नको आणि स्टील वूल तर अजिबात नको, त्याचे कण मॅग्नेशियममध्ये रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो. रंग निघाल्यावर क्रोमेट प्रक्रिया आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर.

रडरव्हेटर खाली असतानाच इंधनाच्या रबरी पिशव्याही बघून घ्या. सात वर्षं कोरड्या राहिल्या असतील तर त्या भेगाळतात. टाकीत इंधन भरून एक रात्र ठेवा आणि सकाळी पंखाच्या तळाला निळा डाग शोधा.