प्रतिसाद: 'मार्शल म्हणजे फेंडरची नक्कलच ना?'

वर कुणीतरी म्हटलंय की पहिला मार्शल, म्हणजे ब्रिटिश मार्शल कंपनीचा पहिला गिटार अँप (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र), ही अमेरिकन फेंडर कंपनीच्या बासमन अँपची सरळ नक्कल. सर्किटपुरतं बोलायचं तर खरंच आहे. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलचं जिम मार्शलचं दुकान मुळात ड्रमवाल्यांचं. गिऱ्हाईक गिटारवाले अमेरिकन अँप मागायचे, पण तो आयात करून आणला की किंमत परवडायची नाही. म्हणून १९६२ मध्ये त्याच्यासाठी काम करणाऱ्या केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी बासमनचं ५एफ६-ए या आवृत्तीचं सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ हा पहिला मार्शल बनवला.

पण खरी गंमत सुट्या भागांत आहे. बासमनच्या पहिल्या टप्प्यात १२एवाय७ ही ट्यूब (सिग्नल वाढवणारी काचेची निर्वात नळी) होती, मार्शलने तिथे ईसीसी८३ बसवली. हिचं वर्धन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, दुपटीहून जास्त, त्यामुळे आवाज लवकर फाटायला लागतो. पुढे आउटपुटला, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या टप्प्यात, अमेरिकन ५८८१ ट्यूबच्या जागी ब्रिटिश केटी६६ आल्या, त्यानंतर ईएल३४. स्पीकरचं तर गणितच वेगळं: फेंडरचे जेन्सन कंपनीचे दहा इंची चार, मागून उघड्या खोक्यात, मार्शलचे सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची चार, बंद खोक्यात. खालचा सूर त्यामुळे एकदम घट्ट येतो.

आणि ज्याची 'नक्कल' झाली तो बासमन तरी बनवला होता कुणासाठी? बासवाल्यांसाठी, म्हणजे खालच्या सुरांची बास गिटार वाजवणाऱ्यांसाठी! त्यांना तो फारसा पुरला नाही, गिटारवाल्यांनीच पळवला. माझ्या मते फेंडरचं सर्वोत्तम गिटार अँप हेच, नाव काही का असेना.